मूळ चुकत नसतं

डॉक्टर दिनकर हुपरीकरांना तुर्की भाषेचं अक्षरही येत नव्हतं. आमच्या प्रकल्पातली ही सर्वांत लहान अडचण होती. मोठी अडचण ही, की बाकी सगळं त्यांना येत होतं.

साउथहॅम्प्टनच्या एका संशोधन विभागात तेव्हा आम्ही एक प्रश्नावली तुर्की भाषेत नेत होतो. कोविडने माणसांच्या जगण्यावर काय परिणाम केला, हे विचारणारी ती प्रश्नावली मूळची इंग्रजी. झोप, भूक, नोकरी, एकटेपणा, घरातली भांडणं असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'अजिबात नाही'पासून 'अतिशय'पर्यंत पाच चौकटी. लंडनमध्ये तुर्की बोलणारी माणसं पुष्कळ. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायकांना इंग्रजी जेमतेम. तेव्हा त्यांनाही विचारावं, असं वरच्या कुणाच्या तरी मनात आलं. मी त्या प्रकल्पाची को-ऑर्डिनेटर. म्हणजे खोल्या बुक करायच्या, ईमेल पाठवायच्या आणि दोन शहाण्या माणसांच्या मध्ये बसायचं. एक शहाणी म्हणजे नुर्जान, इझमीरहून आलेली मानसशास्त्रज्ञ, मातृभाषा तुर्की. दुसरे डॉक्टर हुपरीकर, मुक्काम पोस्ट कोल्हापूर. गोऱ्या सहकाऱ्यांना ते नाव झेपायचं नाही, म्हणून ते त्यांना डॉक्टर हूप म्हणत.

"तुर्की येत नाही, मग तुम्ही प्रमुख कसे?" असं नुर्जानने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं. तिला आडवळणाने बोलता येत नसे.

"मी न्यूट्रल आहे म्हणून," डॉक्टर म्हणाले. "ज्याला भाषा येते तो त्या भाषेची बाजू घेतो. मला ती भीतीच नाही."

नुर्जानने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं, आणि प्रकल्प सुरू झाला.

डॉक्टरांनी सारी नोकरी म्हाताऱ्यांचे डॉक्टर म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना घराबाहेर घालवलं असणार, असा आमचा अंदाज. ते विभागात यायचे ते टाय बांधून, कोपरांना कातड्याची ठिगळं असलेला कोट घालून आणि बगलेत स्टीलचा थर्मास घेऊन. थर्मासात काकूंनी केलेला आल्याचा चहा. इंग्रजांचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, असं त्यांचं मत होतं आणि ते मत इंग्रजांच्या देखत, इंग्रजीतून सांगायला ते कचरत नसत. या देशात पाय ठेवल्यापासून आपण परक्याचा चहा घेतलेला नाही, हे तर ते अशा थाटात सांगत की जणू त्याबद्दल राणीने त्यांना पदक द्यायला हवं होतं.

आणि परके म्हणजे फक्त गोरे नव्हेत. एकदा आमच्याकडे बेसिंगस्टोकला जेवायला आले. पुरणपोळ्या मनसोक्त खाल्ल्या, कटाची आमटी वाटीने प्यायले. मग माझ्या सासूबाईंनी चहा आणला, तेव्हा या गृहस्थांनी शांतपणे थर्मास काढून टेबलावर ठेवला. सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. पुण्यातल्या सदाशिव पेठेचा चहा कोल्हापूरकराने असा चारचौघांत नाकारावा! त्यांनी तोच कप उचलून स्वतः प्यायला आणि परत जाईपर्यंत त्या डॉक्टरांचा उल्लेख 'तो थर्मासवाला' असाच करत होत्या.

कुणी "कसे आहात?" विचारलं की डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: "फर्स्ट क्लास." गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही फर्स्ट क्लास. भाऊ वारला आणि विमानं बंद म्हणून जाता आलं नाही, तेव्हाही फर्स्ट क्लास. दुसऱ्यांच्या मनात कोविडने काय केलं हे पाच चौकटींत मोजायला निघालेल्या या माणसाकडे स्वतःसाठी एकच चौकट होती.

आता त्यांचं लाडकं वाक्य सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. "मूळ चुकत नसतं. चुकतं ते भाषांतर."

आमच्या कामाची रीत अशी. एकाने इंग्रजी प्रश्न तुर्कीत न्यायचे. मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशा दुसऱ्याने ते तुर्कीतून परत इंग्रजीत आणायचे. मग दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून बघायची, की निघालो तिथेच पोचलो का. याला आम्ही मराठीत बोलताना परतीचं भाषांतर म्हणत असू. डॉक्टरांचा या परतीच्या भाषांतरावर जीव होता. "आरसा आहे तो," ते म्हणायचे. "तोंड वाकडं दिसलं तर आरशाला शिव्या द्यायच्या नाहीत." दोन इंग्रजी वाक्यांत एका शब्दाचा फरक पडला तरी नुर्जानला तुर्की वाक्य पुन्हा लिहायला लावत. ती लिही. शेवटी परतीचं इंग्रजी हुबेहूब मुळासारखं येई आणि मधलं तुर्की असं होई की ते कुणी जिवंत माणसाने बोलावं, अशी आशा उरत नसे.

मूळ प्रश्नावलीत एक प्रश्न होता: 'कोविडमुळे तुमचं पबमध्ये जाणं कितपत कमी झालं?' नुर्जान म्हणाली, "सर, हा प्रश्न आपण सत्तरीच्या, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या बायकांना विचारणार आहोत. त्या पबमध्ये जात नाहीत. शेजारणीकडे चहाला जाणं कितपत कमी झालं, असं विचारू या. अर्थ तोच."

"अर्थ तोच कसा? चहा आणि बिअर एका मापाने मोजायची?"

"मूळ प्रश्नच या बायकांसाठी चुकीचा आहे."

"मूळ चुकत नसतं," डॉक्टर म्हणाले, आणि थर्मासाच्या झाकणात चहा ओतला.

मग आम्ही पूर्व लंडनमधल्या एका समाजकेंद्रात चाचणीसाठी गेलो. पहिल्याच आजीबाईंना नुर्जानने मान खाली घालून तो प्रश्न वाचून दाखवला. आजींनी आधी तिच्या आईचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि तिचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्या आईला ठाऊक आहे का तू असली कामं करतेस?" शेवटी त्यांनी 'अजिबात नाही' या चौकटीवर खूण केली आणि डॉक्टर खूश झाले. "बघ मृणाल," मला म्हणाले, "तुम्ही उगाच घाबरत होता. डेटा आला की नाही?"

त्या बायका आणखी एक करायच्या. 'कोविडचा तुमच्या मनावर किती परिणाम झाला?' या प्रश्नावर सगळ्या जणी एकच शब्द बोलायच्या: "शुकूर." म्हणजे देवाची कृपा. एकीचा नवरा त्या साथीत गेला होता, ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. तीही म्हणाली, शुकूर. नुर्जान गप्प बसून राहायची, कारण थोडं थांबलं की त्या पुढे बोलायला लागत, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांना तेवढा धीर नसे. "देवाला आपल्याकडे चौकट नाही," ते घड्याळ बघत म्हणत. "तिला विचार, किती परिणाम? अजिबात, थोडा, बराच, पुष्कळ, अतिशय?" ती बाई मग डॉक्टरांच्या टायकडे बघून 'अजिबात नाही' म्हणायची. दिवसाच्या अखेरीस आमच्याकडच्या कागदांवरून असं दिसत होतं, की पूर्व लंडनमधल्या तुर्की बायकांना कोविडची कुणी खबरच दिली नसावी.

"फर्स्ट क्लास," मी मराठीत म्हटलं. डॉक्टरांना ते लागलं नाही. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला टोमणे कळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

एवढ्या हट्टी माणसाने तुर्कीचंच काम का अंगावर घ्यावं? बंगाली प्रश्नावलीला प्रमुख मिळाला नव्हता, पंजाबीला नव्हता. पण तुर्कीचं नाव निघताच त्यांनी स्वतःहून हात वर केला. त्याचं कारण आम्हा सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं, आणि ते आम्हाला ठाऊक नाही अशी डॉक्टरांची समजूत होती.

केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. साउथहॅम्प्टनला वाढलेली, लंडनला नोकरीला गेलेली आणि तिथे ओझान नावाच्या तुर्की मुलाच्या प्रेमात पडलेली. लग्न ठरलं ते नेमकं कोविडमध्ये, जेव्हा लग्नाला मोजकीच माणसं बोलवायची परवानगी होती. डॉक्टरांना जन्मात एवढा सोयीचा कायदा मिळाला नसेल. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, "आणि मी रिस्क कॅटेगरीतला. माझी जागा मुलाकडच्या कुणाला तरी द्या." काकू गेल्या. डॉक्टरांनी लग्न लॅपटॉपवर पाहिलं, तेही कॅमेरा बंद ठेवून. पडद्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यांमध्ये एक काळी चौकट होती आणि तिच्यात पांढऱ्या अक्षरांत नाव, डी. हुपरीकर. आमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी ते लग्न असं घरबसल्या पाहिलं, त्यांना नवरीचा शालू आठवत नाही, पण ती चौकट आठवते.

जावई तुर्की आहे म्हणून ते रागावले होते असं नाही. "तिने विचारलं नाही, सांगितलं," असं एकदा काकूंपाशी म्हणाले म्हणे. बस्स, एवढंच. मग नात झाली. तेव्हा आधी लॉकडाऊन होता, मग डॉक्टरांना खोकला होता, मग ट्रेनचे संप होते. सबबी सरल्या तेव्हा त्यांना एकाएकी रूढी आठवली: मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये. बायकोच्या हरतालिकेच्या उपासाला 'रक्तातली साखर बघायला बरा मुहूर्त' म्हणणारा हा माणूस! काकू दर पंधरवड्याला डबे घेऊन इल्फर्डला मुलीकडे जात. हे त्यांना स्टेशनवर सोडत, संध्याकाळी आणायला जात, आणि "ट्रॅफिक होतं का?" एवढंच विचारत. ट्रेनने आलेल्या बाईला.

म्हणजे ज्या घरात पाऊल टाकायचं नाही, त्या घरची माणसं कशी बोलतात हे मात्र ऐकायचं. दार बंद ठेवून किल्लीच्या भोकातून बघण्यातला हा प्रकार. मला त्यांची कीव यायची आणि राग जास्त यायचा, कारण केतकीला मी लहानपणापासून नसले तरी बऱ्याच वर्षांपासून ओळखत होते. बापाने एकदा यावं, एवढंच तिला हवं होतं.

प्रश्नावलीत शेवटाकडे एक प्रश्न होता: 'कोविडमुळे तुम्हाला कुटुंबातल्या महत्त्वाच्या प्रसंगाला (लग्न, जन्म, अंत्यविधी) हजर राहता आलं नाही, याचा किती त्रास झाला?' त्यावर नुर्जान अडून बसली.

"हा प्रश्न आधीच ठरवून टाकतो की कारण कोविडच होतं. पुष्कळांना कोविड हे निमित्त मिळालं. माझे एक काका भावाच्या मुलीच्या लग्नाला गेले नाहीत. साथीच्या नावाने सुटले. आधी विचारायला हवं, का गेला नाहीत?"

डॉक्टरांचे कान लाल झाले.

"हा प्रश्न आहे तसाच राहील," ते म्हणाले. "मूळ चुकत नसतं." आणि त्या दिवशी चहा न पिताच घरी गेले.

नंतरच्या आठवड्यात नुर्जानने चाचणीसाठी नव्या बायकांची नावं आणली. त्यांत इल्फर्डच्या एका बाईंचं नाव होतं, सेव्हिम हानम. हानम म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. त्यांची अट एकच होती: मुलाखत घरी द्यायची आणि मोठे डॉक्टर स्वतः यायला हवेत. नुर्जानने मला कॉरिडॉरमध्ये ओढून सांगितलं, "ही सरांच्या मुलीची सासू. तिने मला शोधून काढलं, मी तिला नाही." मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे नियम होता, की मुलाखत देणारी व्यक्ती ओळखीची असेल तर आधी जाहीर करायचं आणि तिला वगळायचं. हा नियम डॉक्टरांचाच. बसस्टॉपवर एकदा बोललेल्या बाईलासुद्धा त्यांनी माझ्या यादीतून काढायला लावलं होतं.

त्यांनी नाव वाचलं, आडनाव वाचलं. ते आडनाव आता त्यांच्या मुलीचंही होतं. चष्मा काढला, टायने पुसला, पुन्हा घातला.

"ठीक आहे. जाऊ," म्हणाले. जाहीर काहीच केलं नाही. आम्हीही केलं नाही.

वॉटर्लूला ट्रेनमधून उतरताना ते मला म्हणाले, "मृणाल, तिथं माझं नाव सांगू नकोस. इन्व्हेस्टिगेटर म्हण."

"डॉक्टर, त्यांच्याकडे तुमचा फोटो असेल."

"नसेल," ते म्हणाले. "कॅमेरा बंद होता."

त्या लग्नाबद्दल ते माझ्यापाशी बोलले ते एवढंच.

इल्फर्डचं ते घर बाहेरून इतर घरांसारखंच होतं. दाराशी चपलांच्या रॅकमध्ये खालच्या फळीवर लाल रंगाचे, वेलक्रोचे, माझ्या तळहाताएवढे बूट होते. डॉक्टरांनी ते बघितले आणि आपले बूट काढायला इतका वेळ लावला, की नुर्जान आत जाऊन बसलीसुद्धा. सेव्हिम हानम ठेंगणी, गोरीपान, हातात बाटली घेऊन उभी. तिने डॉक्टरांच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं. तुर्की घरात पाहुण्याचं स्वागत असंच होतं. डॉक्टरांना ते सॅनिटायझर वाटलं. "व्हेरी गुड प्रॅक्टिस," म्हणून त्यांनी शास्त्रोक्त पद्धतीने बोटांच्या बेचक्यांत ते चोळलं.

आपल्याकडे विहीणबाईंच्या मानाची केवढी कथा! मुलीच्या बापाने वाकायचं, पडतं घ्यायचं, विहीणबाईंनी रुसून लग्नघर डोक्यावर घ्यायचं. इथे विहीणबाईच खुर्ची पुढे सरकवत होत्या आणि मुलीचा बाप सोफ्याच्या कडेला, कधीही उठून पळता येईल असा, रुसून बसला होता. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी होतं. भांडी वाजत नव्हती, पण माणूस उभा असल्याचं कळत होतं.

डॉक्टरांनी सूचना वाचायला घेतल्या: "तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल..." तेवढ्यात चहा आला. कमरेत बारीक अशा काचेच्या लहानशा पेल्यात लालभडक, बिनदुधाचा, बशीत साखरेचे दोन खडे. आणि मी ज्याची भीती धरून बसले होते तेच झालं. डॉक्टरांनी थर्मास काढून टेबलावर ठेवला.

सेव्हिम हानमने थर्मासाकडे पाहिलं. मग नुर्जानला काहीतरी सांगितलं.

"त्या म्हणतात," नुर्जानने इंग्रजीत सांगितलं, "या घरात जो चहा घेत नाही, त्याला प्रश्न विचारता येत नाहीत."

"त्यांना सांग, मुलाखत देणाऱ्याकडून काही घेणं नियमात बसत नाही," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत: "आणि मुलीच्या घरचं आपण घेत नाही."

स्वयंपाकघराचं दार उघडलं. केतकी कडेवर पोर घेऊन उभी होती.

"बाबा, तो रूल मूल होईपर्यंत असतो," ती म्हणाली. "आजी नेहमी सांगायची. मूल झाला की मग बाबा मुलीच्या घरी खाऊ शकतात. माझ्याकडे मूल आहे. बघा."

तिचं मराठी असंच, शाळेच्या सुट्टीत कोल्हापूरला जाऊन जमवलेलं. पण मुद्दा अचूक होता. खरंच, जुनी माणसं नातवंड होईपर्यंतच ते पाळायची. डॉक्टर ज्या रूढीच्या आड लपले होते, ती रूढीच त्यांना चहा घ्या म्हणत होती. आता एवढंच करायचं होतं की हात पुढे करायचा.

आणि डॉक्टर हुपरीकर काय बोलले? इतक्या वर्षांनी स्वतःच्या मुलीशी पहिलं वाक्य काय बोलले?

"पहिला मुलगा होईपर्यंत," ते म्हणाले. "मूळ रूढी तशी आहे."

सवयीने बोलले, हे मला मान्य आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की दुरुस्त करायचा, ही त्यांची आयुष्यभराची खोड. पण त्या क्षणी मला तो थर्मास उचलून त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला. केतकीच्या कडेवरची पोर दोन बोटं तोंडात घालून आजोबांकडे टकमक बघत होती.

"काय म्हणाले?" हे सेव्हिम हानमने तुर्कीत विचारलं असणार, ते न कळताही कळलं. नुर्जानला मराठी येत नव्हतं. ती माझ्याकडे बघू लागली. मी मान फिरवली. असलं वाक्य मी कशाला सांगू? तेव्हा केतकीच सासूकडे वळली आणि तिने ते तुर्कीत सांगितलं. सावकाश, सबंध, काही न वगळता, काही न झाकता. बापाने जन्मभर सांगितलं होतं ना, जसं आहे तसं आणा, मऊ करू नका म्हणून?

सेव्हिम हानमने साखरेचा खडा बशीत सरळ करून ठेवला. मग नुर्जानशी दोन वाक्यं बोलली. आणि नुर्जानने, जिने मूळ मराठी ऐकलं होतं पण तिला त्यातलं काही कळलेलं नव्हतं, ते इंग्रजीत डॉक्टरांना सांगितलं:

"त्या विचारतात: पाहुणे म्हणाले की या घरात फक्त मुलगी जन्मली आहे, म्हणून चहा घेता येत नाही, मुलगा असता तर घेतला असता. असंच म्हणालात ना? भाषांतर बरोबर आहे का?"

मराठीतून तुर्कीत, तुर्कीतून इंग्रजीत. ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाकडून. आमच्या सबंध प्रकल्पात परतीचं भाषांतर इतकं नेमकं कधी झालं नव्हतं.

डॉक्टरांचा हात थर्मासाच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला. ते नुर्जानकडे बघत होते, मग विहीणबाईंकडे, मग बराच वेळ त्या पोरीकडे. काहीतरी युक्तिवाद काढतील, याची मी वाट बघत होते. माणूस जन्मात हरलेला नव्हता.

"भाषांतर बरोबर आहे," ते केतकीला म्हणाले. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. तोवर तो माझ्या कधी लक्षात आला नव्हता. "मूळ चुकलंय, केतू. पहिल्यापासून."

केतकीने हे सासूला सांगायला तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. मग नुर्जानला मी सांगितलं, इंग्रजीत, पाच-सहा शब्दांत. सबंध प्रकल्पभर नुर्जानने त्यांच्या तोंडून हे वाक्य यावं म्हणून भांडणं केली होती. आता ते आलं, तर तिने ते गालिच्याकडे बघत, हळूच तुर्कीत सांगितलं.

डॉक्टरांनी थर्मास टेबलावरून खाली ठेवला आणि चहाचा पेला उचलला. त्या पेल्याला कान नसतो, तो वरच्या काठाला दोन बोटांनी धरायचा असतो. यांनी पेल्याच्या पोटाला धरला. चटका बसला तरी सोडला नाही. सगळा प्यायले. सेव्हिम हानमने न विचारता पुन्हा भरला, तोही प्यायले. मी डोळे पुसले ते कोलोनच्या वासाने, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते.

त्यानंतर तुर्की प्रश्नावलीतून पब गेला आणि शेजारणीकडचा चहा आला, हे खरं. पण माणूस सुधारला वगैरे समजू नका. त्या दिवसाची मुलाखत बाद करावी, उत्तर देणारी व्यक्ती नात्यातली आहे, असं पत्र त्यांनी स्वतःच विभागाला धाडलं आणि 'याची आधी सूचना न दिल्याबद्दल' त्यात मला आणि नुर्जानला दोष दिला. पुढे त्यांचं आमच्याकडचं काम संपलं, आणि कोटाची ती ठिगळं मला पुन्हा दिसली नाहीत. त्यांना आठवायचं म्हटलं की मला इल्फर्डची ती दुपारच आठवते.

परतीच्या ट्रेनची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "प्रश्न राहिलेत."

आम्ही दोघी बाहेर पडलो. फाटकाशी नुर्जान थांबली, म्हणून मीही थांबून मागे पाहिलं. खिडकीचा पडदा बाजूला सारलेला होता. प्रश्नावली आता सेव्हिम हानमच्या हातात होती. ती डोळ्यांवर चष्मा चढवून एकेक प्रश्न वाचत होती, केतकी मराठीत सांगत होती, आणि डॉक्टर हुपरीकर उत्तरं देत होते. एका प्रश्नावर सेव्हिम हानमने पेन पुढे करून त्यांना त्या पाच चौकटी दाखवल्या. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि बोलत राहिले. पोर त्यांच्या मांडीवर बसून टाय ओढत होती, आणि ते तिला थांबवत नव्हते.